छुप्या कानांचा माग

छुपा मायक्रोफोन किंवा छुपा कॅमेरा शोधणारे यंत्र खरे तर मायक्रोफोन वा कॅमेरा शोधत नसते. ते त्याची एखादी खूण शोधत असते. हवेत सुटलेल्या रेडिओ लहरी, भिंगावरून परतलेला उजेड, आतल्या अर्धवाहकाने दिलेला प्रतिसाद, विजेवर चालल्याने आलेली ऊब, वाय-फायच्या यादीतले अनोळखी नाव अशा या खुणा मोजक्याच आहेत आणि प्रत्येक यंत्राला त्यांतली एखाददुसरीच ओळखता येते. लपवणाऱ्याने एक खूण पुसली की शोधणाऱ्याने दुसरी हुडकायची, असा हा क्रम दुसऱ्या महायुद्धापासून चालू आहे. बाजारातल्या यंत्रांपैकी कोणते निवडावे हे ठरवताना हा क्रम ठाऊक असला, तर जाहिरातीतले दावे पारखता येतात. त्याचे बरेच टप्पे मुंबईत, मराठवाड्यात आणि गोव्यात घडलेले आहेत.

विजेपूर्वीचे हेर

मराठी मुलखात चोरून ऐकण्याचे काम माणसेच करीत. हेर, जासूद, हरकारे आणि नजरबाज ही राज्यकारभाराची नेहमीची अंगे होती. शिवकाळातील हेरांचा नाईक म्हणून बहिर्जीचे नाव प्रसिद्ध आहे. पेशवाईत नाना फडणीसांचे बातमीदार दरबारोदरबारी असत, आणि हैदराबादला निजामाकडे असलेले पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे यांची पत्रे १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईआधीच्या राजकारणाचे महत्त्वाचे साधन मानली जातात. मोगल आणि निजामी कारभारात उघड बातमी लिहिणारा वाकेनवीस आणि गुप्त बातमी लिहिणारा खुफियानवीस असे वेगवेगळे कारकून होते.

यावरचा बचावही तसाच होता. किल्ल्यांवर गुप्त मसलतीसाठी वेगळी जागा असे. रायगडावरची खलबतखान्याची जागा आजही दाखवली जाते. कानावर येण्याजोगे बोलणे मुळातच कमी करायचे आणि आत येणारी माणसे मोजकी ठेवायची, एवढीच खलबतखान्याची युक्ती. आवाज कुठून कुठे पोचतो याचे भानही बांधणाऱ्यांना होते. गोवळकोंड्याच्या फतेह दरवाजात वाजवलेली टाळी सुमारे एक किलोमीटरवरच्या बालाहिसारात ऐकू येते. ती सोय धोक्याच्या इशाऱ्यासाठी होती असे मानले जाते.

माणसांकरवी चालणाऱ्या बातमीचे महत्त्व सीमेवरच्या गावांत ठळक दिसते. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातले इस्लापूर निजामी राज्याच्या उत्तर सीमेवर होते. सहस्रकुंडाचा धबधबा जिच्यावर आहे ती पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागे आणि तिथे इंग्रजांचा कारभार होता. नदीच्या दोन काठांना दोन सरकारे असली की बातमीला भाव येतो. हैदराबाद मुक्तिसंग्रामात हेच दिसले. वऱ्हाडातल्या उमरखेडसारख्या ठिकाणी लढ्याचे तळ होते. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातली उमरी येथील बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला गेला. निरोप पायी जात, तोंडी जात. अशा निरोपाला पकडण्याजोगी यांत्रिक खूण नसते. तो फुटतो तो फितुरीने किंवा झडतीत. यंत्र कितीही चांगले असले तरी या प्रकारच्या हेरगिरीपुढे ते आजही निरुपयोगी आहे.

तार आणि कायदा

तारायंत्र व टेलिफोन आल्यावर ऐकण्यासाठी माणूस खोलीत असण्याची गरज उरली नाही. तारेला तार जोडली की झाले. १८८५ च्या भारतीय तार कायद्याच्या कलम ५(२) ने सार्वजनिक आणीबाणीच्या वेळी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणासाठी संदेश अडवण्याचा अधिकार सरकारला दिला. १९३३ च्या बिनतारी कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगणे गुन्हा ठरवले.

तारेवरचे चोरकान ओळखण्याचा उपाय साधा होता. तार हाताने आणि डोळ्याने शेवटपर्यंत पाहत जायची; जिथे न लागणारा फाटा दिसेल तिथे संशय घ्यायचा. ही पद्धत अजूनही बाद झालेली नाही. मात्र टेलिफोन कंपनीच्या केंद्रातच संभाषण वळवले, तर घरात त्याची कोणतीही खूण उमटत नाही. म्हणून घरातले कोणतेही यंत्र सरकारी फोन टॅपिंग ओळखू शकत नाही. त्यावरचा अंकुश कायद्याचा आहे. १८ डिसेंबर १९९६ रोजी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने टॅपिंगसाठी कार्यपद्धती घालून दिली, २००७ मध्ये ती नियम ४१९-अ या रूपाने आली आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली डिसेंबर २०२४ मध्ये नवे नियम लागू झाले.

मुंबई, १९४२

लपवलेले बिनतारी यंत्र शोधून काढण्याचा महाराष्ट्रातला सर्वात गाजलेला प्रसंग म्हणजे काँग्रेस रेडिओचा. चले जाव चळवळीत पुढारी तुरुंगात गेल्यावर उषा मेहता, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर आदींनी मुंबईत गुप्त प्रक्षेपण केंद्र उभारले. राममनोहर लोहियांचा त्याला पाठिंबा होता आणि यंत्रसामग्रीच्या कामात शिकागो रेडिओ या कंपनीच्या नानक मोटवानींची मदत झाली. १९४२ च्या ऑगस्टअखेर सुरू झालेले हे केंद्र ४२.३४ मीटरवर, म्हणजे सुमारे ७.१ मेगाहर्ट्‌झवर बोलत असे.

पोलिसांकडे दिशाशोधक साधने होती. वेटोळ्याच्या आकाराचा अँटेना फिरवत गेले की एका ठरावीक दिशेला आवाज अगदी मंदावतो, आणि त्यावरून प्रक्षेपण कोणत्या रेषेत आहे हे कळते. दोन वेगळ्या ठिकाणांहून अशा दोन रेषा काढल्या की त्या जिथे छेदतात तिथे यंत्र असते. यावर काँग्रेस रेडिओचा उपाय होता जागा बदलत राहण्याचा. गिरगाव, चौपाटी, महालक्ष्मी अशा भागांत केंद्र हलत राहिले. एका ठिकाणाहून थोडाच वेळ बोलायचे आणि पुढे सरकायचे, म्हणजे दुसरी रेषा काढायला पोलिसांना वेळच मिळत नाही.

अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी प्रक्षेपण चालू असतानाच छापा घातला. दिशाशोधनाने क्षेत्र आवळले होते, पण नेमका पत्ता फुटला तो केंद्राशी संबंधित तंत्रज्ञाकडूनच. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि १९४६ मध्ये त्या सुटल्या. या प्रसंगातून दोन गोष्टी ठरून गेल्या. जे यंत्र लहरी सोडते ते लहरींवरूनच सापडते. आणि ते थांबून थांबून बोलत असेल तर शोधणाऱ्याला चिकाटी लागते. आजचा सिमकार्डवरचा छुपा मायक्रोफोन नेमका असाच थांबून थांबून बोलतो.

तारेचा मायक्रोफोन आणि न्यायालय

लहरी न सोडणारे चोरकान कसे असते, हे मुंबईतल्याच एका खटल्यात नोंदले गेले. युसुफअली इस्माइल नगरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६७ च्या निकालातला प्रसंग महापालिकेच्या एका कारकुनाला लाच देण्याचा होता. कारकुनाच्या राहत्या घरी सापळा रचला गेला. बाहेरच्या खोलीत मायक्रोफोन लपवला, आतल्या खोलीत ध्वनिमुद्रक ठेवला, आणि पोलिसांबरोबर एक रेडिओ मेकॅनिकही आत बसला. ध्वनिफितीवरचे बोलणे सर्वोच्च न्यायालयाने पुरावा म्हणून मान्य केले. मात्र अशा फितीत फेरफार करणे सोपे असल्याने तसा फेरफार झालेला नाही याची खात्री पटली पाहिजे, असेही बजावले.

पुढचा खटला आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. मुंबईच्या कॉरोनरवर लाच मागितल्याचा आरोप होता. १९६४ मध्ये एका डॉक्टरच्या संमतीने त्याच्या टेलिफोनला पोलिसांनी ध्वनिमुद्रक जोडला होता. बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती असल्याने हे तार कायद्याचे उल्लंघन ठरत नाही आणि मुद्रण पुरावा म्हणून चालते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये म्हटले.

या दोन्ही प्रसंगांत रेडिओ लहरी नव्हत्या. आजचे लहरीशोधक यंत्र त्या बाहेरच्या खोलीत नेले असते तरी ते गप्पच राहिले असते. आजही बटणाएवढा ध्वनिमुद्रक मेमरी कार्डावर तासन्‌तास मुद्रण करतो आणि बाहेर काहीच पाठवत नाही. तो ठेवणारा माणूस परत येऊन कार्ड नेतो. लहरीशोधक यंत्राची सर्वात मोठी उणीव ती हीच.

मॉस्कोचे मानचिन्ह आणि अर्धवाहक

शोधकार्याला सर्वात मोठा धक्का मॉस्कोत बसला. १९४५ मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकी राजदूत ॲव्हरेल हॅरिमन यांना अमेरिकेच्या राजमुद्रेचे लाकडी कोरीव काम भेट दिले. ते राजदूताच्या निवासस्थानातल्या अभ्यासिकेत टांगले गेले. त्याच्या आत लेव्ह तेरमेन या शास्त्रज्ञाने बनवलेले श्रवणयंत्र होते. त्यात ना बॅटरी होती ना तार. बाहेरून रेडिओ झोत सोडला की बोलण्याने थरथरणारा पातळ पडदा परतणाऱ्या लहरींत बदल करी आणि त्यातून संभाषण ऐकू येई. झोत बंद असताना ते निव्वळ धातू आणि लाकूड होते. ते १९५२ मध्ये सापडले आणि १९६० मध्ये अमेरिकेने ते संयुक्त राष्ट्रांत जगाला दाखवले. सापडले तेही लहरी चालू असताना, रेडिओ ग्राहकाने कसून झडती घेतल्यावर.

१९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढच्या दोन दशकांत श्रवणयंत्र काडेपेटीत मावू लागले. भारतात त्याचे घरगुती रूप म्हणजे एफएम बिनतारी माइक. एक-दोन ट्रान्झिस्टर, एक छोटे वेटोळे आणि एक बॅटरी एवढ्यावर तो बनतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर त्याचे सुटे भाग मिळत आणि इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असणारी मुले तो हौसेने जोडत. तो ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात बोलतो, त्यामुळे नेहमीच्या एफएम रेडिओवर ऐकू येतो. म्हणूनच तो सर्वात सहज सापडतोही. खोलीत रेडिओ लावून सगळा पट्टा हळूहळू फिरवला आणि मध्ये कुठे कर्कश शिट्टी उठली, तर जवळच माइक आहे असे समजावे. रेडिओचा आवाज माइकमध्ये शिरून पुन्हा रेडिओवर येत राहतो आणि त्यातून ही शिट्टी उठते.

बंद पडलेले किंवा गप्प बसलेले यंत्र शोधण्याचा मार्ग १९७० च्या दशकात निघाला. डायोड, ट्रान्झिस्टर आणि चिप यांच्यातल्या अर्धवाहक सांध्यावर रेडिओ झोत पडला की परतणाऱ्या लहरींत मूळ वारंवारितेच्या दुप्पट वारंवारितेचा अंशही येतो. गंजलेल्या धातूच्या सांध्यातून मुख्यत्वे तिप्पट वारंवारितेचा अंश येतो. दोहोंची तुलना करून भिंतीतले इलेक्ट्रॉनिक यंत्र ओळखणाऱ्या साधनाला अरेषीय सांधाशोधक म्हणतात. यंत्र चालू असो वा बंद, त्याला ते सापडते. ते महाग असते आणि वापरायला सराव लागतो, त्यामुळे ते सुरक्षा संस्था आणि व्यावसायिक झडती पथकांपुरते राहिले.

डोळा लहान होत गेला

कॅमेऱ्याचा प्रवास उशिरा सुरू झाला. प्रतिमा टिपणारी सीसीडी ही चिप १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत निघाली. १९९० च्या दशकात आलेल्या सीमॉस चिपने कॅमेरा स्वस्त, थंड आणि नखाएवढा केला. टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रामागे भिंग बसू लागले.

भारतात छुपा कॅमेरा घरोघरी ठाऊक झाला तो मार्च २००१ मध्ये, तहलका या वृत्तसंकेतस्थळाने संरक्षण खरेदीतील लाचखोरीवर केलेल्या चित्रीकरणाने. १२ डिसेंबर २००५ रोजी प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेणारे खासदार वाहिनीवर दिसले आणि त्याच महिन्यात ११ खासदारांची हकालपट्टी झाली. त्यांत महाराष्ट्रातल्या जळगाव आणि एरंडोल मतदारसंघांचे खासदारही होते. पत्रकारितेत प्रतिष्ठा मिळवलेले हेच साधन थोड्याच वर्षांत लॉज, वसतिगृहे आणि कपड्यांची दुकाने यांतल्या गुन्ह्यांचे साधन झाले. ३ एप्रिल २०१५ रोजी गोव्यातल्या कांदोळी येथील कपड्यांच्या दुकानात सीसीटीव्हीचा रोख कपडे बदलण्याच्या खोलीकडे असल्याची तक्रार तेव्हाच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांनी केली. पोलिसांनी गुन्हा नोंदवून कर्मचाऱ्यांना अटक केली. तो कॅमेरा कोणत्याही शोधक यंत्राने नव्हे, वर पाहणाऱ्या डोळ्यांनी हेरला होता.

कॅमेऱ्याची जुनी खूण मात्र कायम आहे. भिंगाच्या मागे संवेदक असतो, त्यामुळे समोरून टाकलेला उजेड आल्या वाटेनेच परततो. म्हणून भिंगशोधकात डोळ्याजवळच लाल दिवे लावलेले असतात आणि लाल काचेतून पाहिले की दूरवरचे भिंग ठळक ठिपक्यासारखे चमकते. कॅमेरा बंद असला तरी ही चमक दिसते. पाहणाऱ्याचा डोळा आणि भिंग एका रेषेत यावे लागतात, एवढीच अट. अंधारात चित्रीकरण करणारे कॅमेरे अवरक्त दिवे वापरतात. ८५० नॅनोमीटरचा असा दिवा डोळ्यांना मंद लाल दिसतो किंवा दिसतच नाही, पण बऱ्याच मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात तो जांभळट-पांढरा उमटतो.

झडती राजधानीत

सरकारी कचेऱ्यांच्या झडत्या भारतात चर्चेत आल्या त्या जून २०११ मध्ये. अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांच्या कार्यालयात १६ ठिकाणी चिकट पदार्थ लावलेला आढळला आणि त्यांनी सप्टेंबर २०१० मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहून चौकशीची मागणी केली होती, हे तेव्हा उघड झाले. मायक्रोफोन मात्र सापडले नाहीत. जुलै २०१४ मध्ये नितीन गडकरी यांच्या दिल्लीतल्या निवासस्थानी श्रवणयंत्रे सापडल्याच्या बातम्या आल्या. गडकरींनी त्या निव्वळ अटकळी असल्याचे म्हटले; संसदेत मात्र गदारोळ झाला.

महाराष्ट्रात छुप्या यंत्रांचा दुसरा वापर परीक्षांत दिसला. नोव्हेंबर २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलीस भरतीच्या परीक्षेत एका उमेदवाराच्या मास्कमध्ये सिमकार्ड, बॅटरी आणि माइक शिवलेला आढळला. हे साधन रचनेने तेच, जे बैठकीच्या खोलीत टेबलाखाली चिकटवले जाते. मास्कमधले यंत्रही सापडले ते प्रवेशद्वारावरच्या अंगझडतीत.

यंत्र निवडताना

वरचा क्रम ध्यानात घेतला की निवडीचे प्रश्न सोपे होतात. पहिला प्रश्न यंत्राच्या किमतीचा नसून संशय कशाचा आहे हा असतो.

लॉज, धर्मशाळा, वसतिगृह किंवा दुकानातल्या कपडे बदलण्याच्या खोलीत संशय कॅमेऱ्याचा असतो. माहूरला रेणुकादेवीच्या दर्शनाला किंवा पावसाळ्यात सहस्रकुंड पाहायला येऊन मुक्काम करणारे, आणि लातूर-नांदेडला शिकवणी वर्गांसाठी वसतिगृहांत राहणारी मुले-मुली यांना हाच धोका संभवतो. त्यांच्यासाठी भिंगशोधक हे पहिले साधन. ते कमी किमतीत मिळते, बॅटरी कमी खाते आणि कॅमेरा बंद असतानाही उपयोगी पडते. लहरीशोधक हे दुसरे साधन. दोन्ही एकत्र असलेली यंत्रे सर्वत्र विकली जातात. त्यांतला भिंगशोधकाचा भाग सहसा भरवशाचा असतो, लहरीशोधकाचा भाग पारखून घ्यावा लागतो.

लहरीशोधक पारखण्याची कसोटी घरीच करता येते. एक मोबाइल कापडाखाली ठेवून त्यावर कॉल चालू ठेवावा आणि यंत्र किती अंतरावर बोलू लागते ते पाहावे. मग हीच कसोटी वाय-फाय कॅमेऱ्यावर करावी. दोन-तीन मीटरवरून प्रतिसाद मिळाला तर यंत्र कामाचे. अगदी टेकवल्यावरच मिळत असेल तर ते खेळणे समजावे. यंत्राने निदान २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ हे वाय-फायचे पट्टे आणि मोबाइलचे ७०० मेगाहर्ट्‌झपासून ३.६ गिगाहर्ट्‌झपर्यंतचे पट्टे पकडले पाहिजेत. संवेदनशीलता कमी-जास्त करण्याची कळ असणे आवश्यक, कारण तिच्याशिवाय शेजारच्या राउटरवरच यंत्र ओरडत राहते.

गाव आणि शहर यांत फरक पडतो. मुंबई-पुण्यात हवेत लहरींची गर्दी असते आणि लहरीशोधकाला खरे-खोटे वेगळे काढणे अवघड जाते. इस्लापूरसारख्या जंगलालगतच्या गावात ही गर्दी कमी असते. शिवाय टॉवर लांब असला की सिमकार्डवरचे कोणतेही यंत्र आपली शक्ती वाढवून बोलते. रेंज कमी असलेल्या जागी सिमवाला छुपा माइक त्यामुळे अधिक ठळकपणे सापडतो. मात्र तो केवळ आवाज झाल्यावर किंवा बाहेरून कॉल आल्यावरच बोलत असेल, तर खोलीत गाणी लावून अर्धा-पाऊण तास यंत्र चालू ठेवावे लागते.

वीजपुरवठ्याचाही उपयोग होतो. खोलीतला मुख्य खटका बंद केला, स्वतःचे सर्व फोन विमान मोडवर टाकले आणि तरीही लहरी येत राहिल्या, तर त्यांचा स्रोत बॅटरीवर चालणारा किंवा खोलीबाहेरचा असतो. खटका बंद करताच लहरी थांबल्या, तर संशय चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड, घड्याळ, धूरसूचक, सेट-टॉप बॉक्स यांसारख्या विजेवरच्या वस्तूंकडे वळतो. उष्णताचित्रक कॅमेऱ्याला चालू यंत्राची ऊब दिसते, पण मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुपारी भिंतीच इतक्या तापतात की थोडाथोडका फरक लपून जातो. अशी तपासणी पहाटे करावी.

मोबाइलवरची नेटवर्क तपासणारी ॲप्स जोडलेल्या वाय-फायवरची यंत्रे दाखवतात. घरात किंवा पाहुणा म्हणून मिळालेल्या वाय-फायवर हा चांगला पहिला उपाय आहे, पण कॅमेरा वेगळ्या नेटवर्कवर किंवा मेमरी कार्डावर चालत असेल तर यादीत तो दिसत नाही. ॲपमुळेच मोबाइल भिंगशोधक किंवा लहरीशोधक होतो, असे दावे बहुधा फोल असतात.

कचेरी, वकिलाचे दालन किंवा उद्योगाची बैठक येथे संशय माइकचा असतो. तिथे स्वस्त यंत्रावर भिस्त ठेवू नये. हवेतल्या लहरी वारंवारितेनुसार दाखवणारा वर्णपट विश्लेषक आणि अरेषीय सांधाशोधक वापरणारे प्रशिक्षित पथक बोलवावे, आणि ते बोलावण्याचा फोन संशयित खोलीतून करू नये. ऐकणे बंद पाडण्यासाठी जॅमर विकत घेण्याचा मोहही टाळावा. भारतात सामान्य नागरिकाने जॅमर बाळगणे वा वापरणे कायद्याला मान्य नाही. शिवाय जुलै २०२१ मध्ये पेगॅसस या हेर-सॉफ्टवेअरच्या प्रकरणाने जगभर दाखवून दिले की खिशातला मोबाइलच माइक होऊ शकतो. यंत्रात शिरलेले हेर-सॉफ्टवेअर लहरीशोधकाला किंवा भिंगशोधकाला कळत नाही. महत्त्वाच्या बैठकीला फोन बाहेर ठेवणे, हा खलबतखान्याचाच आजचा नियम आहे.

हाताची तपासणी सर्वांत आधी येते. दिवे मालवून पलंग, स्नानगृह आणि कपडे बदलण्याची जागा यांच्या समोर येणारी प्रत्येक वस्तू पाहावी: खुंटी, पंख्याची टोपी, गीझर, आरशाच्या कडा, प्लगची छिद्रे. आरशाला टॉर्च टेकवून आत पाहावे. आरसा एकतर्फी असेल तर मागची पोकळी उजळते. जागेशी न जुळणारी, नुकतीच बसवलेली किंवा विनाकारण वीज ओढणारी वस्तू संशयास्पद समजावी.

सापडल्यावर

छुपे चित्रीकरण आज स्वतंत्र गुन्हा आहे. २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६-ई आले. २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत ३५४-क हे कलम आले; १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ त्याच्या जागी आहे. स्त्रीच्या खासगी क्षणांचे चोरून चित्रीकरण केल्यास पहिल्या दोषसिद्धीला एक ते तीन वर्षे आणि पुढच्या दोषसिद्धीला तीन ते सात वर्षे कैद होऊ शकते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला.

यंत्र सापडले की ते उपटू नये आणि त्यातले कार्ड उघडून पाहू नये. त्यावर कापड टाकावे, जागेचे आणि वस्तूचे फोटो घ्यावेत, वेळ लिहून ठेवावी आणि ११२ वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे. पंचनाम्यानंतर यंत्र पोलिसांनीच ताब्यात घ्यावे, कारण इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात टिकण्यासाठी त्याची साखळी तुटता कामा नये. इलेक्ट्रॉनिक पुराव्याची आणखी एक अट मराठवाड्यातल्याच एका खटल्यात स्पष्ट झाली. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात अर्ज दाखल करतानाच्या चित्रफिती पुढे आल्या होत्या. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ साधनच हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत विहित प्रमाणपत्र असणे बंधनकारक ठरवले. हीच तरतूद आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे.

एकाच यंत्रात सर्व खुणा ओळखण्याची ताकद नाही आणि तसा दावा करणारे यंत्र घेऊ नये. प्रवाशाने चांगला भिंगशोधक आणि पारखून घेतलेला लहरीशोधक जवळ ठेवावा, कचेरीने प्रशिक्षित पथक बोलवावे, आणि दोघांनीही यंत्र हाती घेण्याआधी खोली डोळ्यांनी आणि हातांनी तपासावी.